वाचक विचारतात : चित्र काढायला शेतात जायचंय, पण एवढं सामान कोण उचलणार?

मागच्या अंकात चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर काढलेल्या एका चित्राबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, तर पत्रांचा एवढा गठ्ठा आला की संपादक म्हणाले, सर, आता तुम्हीच निस्तरा. गंमत अशी की चित्र कसं काढायचं हे कोणी फारसं विचारलंच नाही, सगळ्यांचं दुखणं सामानाचं. तर त्यातली पाच पत्रं घेतो.

प्रश्न : सर, रिटायर झाल्यावर हौसेने लाकडी पेटीवाला ईझल, म्हणजे चित्राचा बोर्ड उभा करायचा स्टँड, ऑनलाइन मागवला. सहा किलोच्या वर भरला. स्कूटीवर पायाजवळ ठेवून एकदाच तापीवर नेला, तेव्हापासून माळ्यावर पडलाय. आता काय घेऊ? (एक वाचक, शिरपूर)

भाऊ, आधी काहीच घेऊ नका. मी पण याच रस्त्याने गेलोय. बरीच वर्षं झाली, धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर असाच सगळा संसार घेऊन चढलो होतो, ईझल, प्लायवूडचा बोर्ड, चोवीस ट्यूबा, ब्रशची गुंडाळी, स्टूल, छत्री आणि दोन लिटर पाणी. वर पोचेपर्यंत अशी धाप लागली की हात थरथरायला लागले, आणि ज्या उन्हासाठी पहाटे निघालो होतो ते ऊन तोवर डोक्यावर आलेलं. भाकरी-ठेचा खाल्ला आणि ब्रश न भिजवता खाली उतरलो. बायको म्हणाली, हमालीच करायची होती तर मार्केट यार्डात गेले असते, चार पैसे तरी मिळाले असते!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून बघितली. तुम्ही पण बघा, डोळे उघडतात. कागदाला आपण उगाच घाबरतो, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) जाड कागद घेतला तरी ए-फाइव्ह आकाराचा, म्हणजे ए-फोरच्या निम्मा, एक तुकडा साडेनऊ ग्रॅमच्या आत भरतो, म्हणजे वीस तुकडे दोनशे ग्रॅमसुद्धा नाहीत. खरं वजन पाण्याचं आणि लाकडाचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात वाद नाही, पण छोट्या चित्राला पाव लिटर पुष्कळ होतं, आणि प्यायची बाटली तर सोबत असतेच की. बोर्डासाठी फ्लेक्स छापणाऱ्याकडे जाऊन सनबोर्डचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकच्या पाटीचा, उरलेला तुकडा मागा, तो हलका असतो. फक्त मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर ठेवून जाऊ नका, पापडासारखा वाकतो. कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवायचा, वर दोन क्लिपा, बोर्ड मांडीवर, झाला ईझल.

उभ्याने काढायची सवय असेल तर मोबाइल-कॅमेऱ्याचा हलका ट्रायपॉड घ्या आणि बोर्डाच्या पाठीमागे त्याची क्लिप पक्की बसवून घ्या. पण नदीकाठी वारा सुटला की हाच हलका ट्रायपॉड पहिला आडवा होतो. मधल्या दांड्याला पाण्याची बाटली किंवा दगड भरलेली पिशवी लटकवायची. दगड तिथेच मिळतात, घरून न्यायचे नाहीत हे वेगळं सांगायला नको.

रंगाचं म्हणाल तर ट्यूबा घरीच ठेवा. पूर्वी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून न्यायचे. १८४१ साली जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने धातूची दाबायची ट्यूब काढली आणि बाहेर जाऊन रंगवणं एकदम सोपं झालं, पण आपल्या जलरंगाला तेवढीही गरज नाही. तो वाळला तरी पाण्याने परत जिवंत होतो. नातवाची जुनी कंपासपेटी घ्या, झाकणाला आतून पांढरा ऑइलपेंट मारा, तीच पॅलेट, रंग मिसळायची पाटी. आत छोटी प्लास्टिकची झाकणं चिकटवा, त्यात ट्यूबमधला रंग थोडा थोडा भरून थर वाळू द्या मग वरचा थर, एकदम भरला तर मधून तडकतो. सहा रंग बास : लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. काळा नेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की आपली काळी कसदार जमीन हुबेहूब येते, ओली, कोरडी, नांगरलेली, जशी पाहिजे तशी, तयार काळा लावला तर ती डांबरासारखी दिसते.

माझी आताची झोळी दीड किलोची आहे, पाण्यासकट. ईझल विकू नका मात्र, घरात खिडकीशी उभा करा.

प्रश्न : सर मी बारावीला आहे, बाहेर स्केचिंग करायचंय पण पॉकेटमनी फार नाही. इन्स्टावर सगळे महागडे सेट दाखवतात. (एक विद्यार्थिनी, नंदुरबार)

ते सेट दाखवण्यासाठीच असतात बेटा. पैसे घालायचेच तर कागदावर घाल, रंग स्वस्तातले चालतील पण पातळ ड्रॉइंग पेपरवर पाणी पडलं की तो डोंगर-दऱ्यांसारखा उठतो. जलरंगाच्या कागदाचा एक फुल शीट २२ बाय ३० इंचाचा येतो, त्याचे आठ तुकडे कर, प्रत्येकी ११ बाय साडेसात, महिनाभर पुरेल. एक मोठा टोकदार गोल ब्रश, एक पेन्सिल, आईचा जुना सुती रुमाल. बस.

आणि १९३६ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, तेव्हा सजावटीला शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस आले होते. त्यांनी बाहेरून भारी सामान मागवलं नाही, बांबू आणि आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच सगळं उभं केलं. त्यामुळे हातात काडी असली तरी लाजू नकोस. बांबूची काडी तिरकी कापून शाईत बुडवून बघ, अशी रेघ महागड्या पेनाला येत नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये केळीच्या बागेत रंगवायला बसलो तर ब्रश कागदावर टेकेपर्यंत रंग वाळतो. ओल्यावर ओलं काम, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडणं, जमतच नाही. (एक वाचक, रावेर)

रावेरला एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास जातो, तिथे रंगच काय, माणूस वाळतो. सकाळी साडेसहा ते साडेआठ एवढीच वेळ आपली. तरी काही गोष्टी करता येतात. कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, पाठीमागून ओला असला की बोर्डाला चिकटून बसतो आणि बराच वेळ ओलसर राहतो. जमलं तर शंभर टक्के कॉटनचा कागद घ्या, तो पाणी धरून ठेवतो. पाण्याच्या डबीत ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका, मेडिकलमध्ये मिळतं, पण हात सैल सोडू नका, जास्त झालं तर चित्र दुसऱ्या दिवशीही चिकट लागतं आणि घरी येईपर्यंत त्यावर धूळ बसते, हे मी स्वतः केलंय. ब्रश मोठा वापरा म्हणजे एका दमात जास्त जागा भिजते.

अजून एक, कागदावर थेट ऊन पडू देऊ नका. उन्हात पांढरा कागद इतका चमकतो की आपण घाबरून रंग गडद गडद लावत जातो आणि घरी ट्यूबलाइटखाली बघितलं की चित्र काळवंडलेलं. सावलीत बसा, केळीची सावली तशी भरपूर. गॉगल काढून ठेवा. आणि सावल्या आधी पेन्सिलीने पक्क्या करून घ्या, नंतर त्या सरकल्या तरी त्यांच्या मागे धावू नका.

केळीवरून आठवलं. यावलकडे एका बागेत मी घड रंगवत होतो, मालक मागे येऊन उभा राहिला, बराच वेळ काही बोलला नाही, मग हळूच म्हणाला, सर, केळी वर बघतात. मी बघितलं तर खरंच, घड खाली लोंबतो, टोकाला केळफूल जमिनीकडे, पण एकेक केळं वाकून आभाळाकडे वळलेलं. मी दुकानात जन्मभर फण्या बघितलेल्या आणि त्याच आठवणीने सगळी केळी खाली तोंड करून काढली होती, समोर झाड असताना! ते पान मी फाडलं नाही, अजून ठेवलंय.

प्रश्न : गावात बसले की गर्दी जमते, पोरं खांद्यावरून वाकून बघतात, हात थरथरतो. एकटीने जावं का? (एक शिक्षिका, चाळीसगाव)

ताई, तुमच्याच गावचे केकी मूस, स्टेशनजवळच्या बंगल्यात अर्धं आयुष्य दाराबाहेर न पडता राहिले आणि आत बसून फोटो, चित्रं, काय काय केलं. म्हणजे बाहेर जायलाच पाहिजे असा काही कायदा नाही, गच्चीवरूनही सुरुवात होते. पण जायचं असेल तर पहिल्या काही वेळा मैत्रिणीला सोबत घ्या, पाटणादेवीसारख्या जंगलाच्या जागी तर एकटीने नकोच, घरी सांगून जा, उजेड असेपर्यंत परत. बसताना पाठ भिंतीला किंवा मोठ्या झाडाला लावा, मागे उभं राहायला जागाच उरत नाही. इथेही हलक्या सामानाचा फायदा होतो, छोटी वही मांडीवर असली तर लोकांना वाटतं बाई हिशोब लिहितेय, ईझल मांडला की जत्रा. पोरं आलीच तर त्यांना एक कागद आणि पेन्सिल देऊन टाका, ती आपल्या कामाला लागतात. आणि म्हातारी माणसं तर मला आवडतातच, एका आजोबांनी मला दटावलं होतं, त्यांचंच काय काढता, आमनं खळं बी काढा ना भो. मग काढलं. चहा, शेव आणि वर शेंगांची पिशवी मिळाली, येताना झोळी जातानापेक्षा जड.

प्रश्न : ऑइल कलर बाहेर नेता येतील का? (एक वाचक, अमळनेर)

येतील, पण ओलं चित्र एसटीत धरून आणायचं कसं ते आधी ठरवा. मी एकदा आणलं होतं. शेजारच्या काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आमचा अख्खा सातपुडा उमटला, ते पारोळ्याला उतरेपर्यंत त्यांना कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.