तळ्याकाठच्या घरातून वन्यजीव टिपताना

घर तळ्याकाठी असल्याचा खरा लाभ असा, की तेच पक्षी रोज पाहता येतात. म्हणून पहिले काही आठवडे आपण कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण आणि वही अधिक वापरावी, असे मी आग्रहाने सांगेन. खंड्या कोणत्या फांदीवरून सूर मारतो, बगळा किती वाजता उथळ पाण्यात उतरतो, हे वेळेसह लिहून ठेवावे. खंड्या बहुधा ठरलेल्या जागांवर परत येतो, त्यामुळे ती फांदी ओळखली की त्याच्या मागे धावावे लागत नाही. आपण आधीच, सूर्य पाठीशी ठेवून, स्थिर बसलेले असतो.

काळसर पाण्यावर पांढरा बगळा असला की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि पिसांतील बारकावे पार धुऊन जातात. तेथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात नोंदला जाणारा प्रकाश, सुमारे एका स्टॉपने (म्हणजे निम्म्यावर) कमी करावे. बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंद शटरवेग (शटर उघडे राहण्याचा काळ) बहुधा पुरतो, उडणाऱ्यासाठी मात्र १/२००० किंवा त्याहून वेगवान ठेवावा. कॅमेरा शक्य तितका पाण्याच्या पातळीजवळ न्यावा, कारण गच्चीवरून घेतलेल्या छायाचित्रात बहुतेक वेळा पक्ष्याची पाठच येते. भर दुपारी हवा थरथरते, ती वेळ निरीक्षणाला द्यावी.

घरट्याजवळ मात्र कधीही जाऊ नये; माझ्या मते कोणतेही छायाचित्र त्या मोलाचे नसते. पक्षी मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागला किंवा त्याने खाणे थांबवले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून सावकाश मागे सरावे.