ठोके अनियमित आहेत, पण बाबा रक्त पातळ करणारी गोळी मधेच सोडतात. कसं समजावू?

तुमचे बाबा ७३ वर्षांचे, अपिक्साबॅन दिवसातून दोनदा आहे, आणि 'मला काही होत नाही' म्हणून ते चार-चार दिवस गोळी घेत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे नौपाड्यात आईचं हेच चाललं होतं.

आम्ही रोज वाद घालायचो. मग सकाळ-संध्याकाळचे वेगळे कप्पे असलेली डबी आणली. आठवड्यानं पाहिलं तर सकाळचे कप्पे रिकामे, संध्याकाळच्या सातपैकी चार गोळ्या तशाच. न रागावता विचारलं तेव्हा तिनं बाही वर करून दंडावरचे काळेनिळे डाग दाखवले. दात घासताना रक्तही येत होतं. घाबरून ती स्वतःच संध्याकाळची गोळी बरेचदा टाळत होती. आम्ही विसरभोळेपणा समजत होतो, ती भीती होती.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून तिलाच समजावलं. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. डाव्या बाजूच्या छोट्या पिशवीत रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. हा धोका साधारण पाचपट असतो. गोळी ठोके सुधारत नाही, गुठळी रोखते, म्हणून घेतली काय न घेतली काय, अंगाला काहीच जाणवत नाही. आणि असर सुमारे १२ तासांत निम्म्यावर येतो, कालची गोळी आजला पुरत नाही. वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी जुनी गोळी घेणाऱ्यांनी डोस चुकवले, तर ते आयएनआर या रक्ततपासणीत तरी उघडं पडतं, इथे कुणाला कळतही नाही.

डागांचं एक कारणही तेव्हाच सापडलं. गुडघ्यासाठी ती मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून घ्यायची. त्यानं रक्तस्राव वाढतो. ते बंद झालं, ब्रश मऊ घेतला, डाग कमी झाले. बाबा दुखण्यावर काय घेतात ते नक्की विचारा.

आता संध्याकाळची गोळी देव्हाऱ्यात काडेपेटीशेजारी असते. दिवा लावला की गोळी. चुकली तर त्याच दिवशी आठवताच घ्यायची, दोन एकदम कधीच नाही. दात काढायचा असला तरी आपल्या मनानं बंद करायची नाही. काळी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला तर लगेच हॉस्पिटल. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर थेट १०८.

स्ट्रिपमध्ये सहा गोळ्या उरल्या की आम्ही पुढची आणतो.