जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना फोनमध्ये कोणती ॲप्स ठेवावीत, आणि मोबाइलवर वाचताना लक्ष कसं टिकवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौथीचा वर्ग आहे, गावात रेंज कधी असते कधी नसते, मुलांकडे स्वतःचे फोन नाहीत. अशा वेळी शिकवायला आणि रोजच्या कामाला खरोखर उपयोगी पडतील अशी ॲप्स कोणती, आणि फोनवर पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत लक्ष उडतं त्यावर उपाय काय. मीही प्राथमिक शिक्षक आहे आणि माझी शाळाही अशीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘शिक्षकांसाठी पंचवीस ॲप्स’ छापाच्या याद्या बाजूला ठेवा. प्रत्येक बाकावर टॅब आहे असं धरूनच त्या लिहिलेल्या असतात. नवीन ॲप घेताना मी दोनच गोष्टी बघतो: नेट नसताना चालतं का, आणि माझ्या एकट्याच्या फोनवर अख्ख्या वर्गाचं काम भागतं का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते ॲप कितीही गाजलेलं असो, माझ्या वर्गात टिकत नाही.

पहिली दोन साधनं तुमच्या फोनमध्ये बहुधा आहेतच. एक, गूगल लेन्स. छापील मराठी मजकुरावर कॅमेरा धरला की तो मजकूर निवडता येतो, कॉपी करता येतो आणि हवा तिथे चिकटवता येतो. वर्तमानपत्रातली एखादी चांगली बातमी, जुन्या वाचनपुस्तकातला उतारा, यावरून आकलनाची प्रश्नपत्रिका करायची तर पूर्वी सगळं टाइप करावं लागायचं. आता मी घरी नेट असताना पानाचा फोटो काढतो, मजकूर उचलतो आणि खाली प्रश्न लिहितो. फोटो उजेडात आणि पान सपाट ठेवून काढा, शिवणीजवळच्या वाकलेल्या ओळी हमखास बिघडतात. उचललेला मजकूर मुलांच्या हाती देण्याआधी मूळ पानाशी ताडून बघाच. रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं इथे घात होतो. ‘पर्वत’चा ‘पवत’ झालेला आपल्या नजरेतून सुटतो, कारण आपण सवयीनं बरोबरच वाचतो. चौथीतलं मूल मात्र जसं छापलंय तसंच वाचतं.

दुसरं, बोलून टाइप करणं. जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा घ्या आणि माइकचं चिन्ह दाबून बोला. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिताना याचा जो उपयोग होतो त्याला तोड नाही. एकेका मुलाची वही समोर घ्यायची आणि जे दिसतं ते बोलत जायचं: ‘गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते, हातच्याची वजाबाकी करताना अडते.’ लिहायचा कंटाळा आला की आपण सगळ्यांना ‘प्रगती समाधानकारक’ देऊन मोकळे होतो. बोलायचं असलं की त्या मुलाबद्दलचं खरं वाक्य आपोआप तोंडात येतं. विरामचिन्हं मी नंतर हातानं देतो.

आता वर्गाचं. एकच ॲप सुचवा म्हणालात तर मी प्लिकर्स सांगेन. यात फोन फक्त शिक्षकाचा. मुलांच्या हातात कागदी कार्डं असतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे, तो त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून छापता येतो. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी-पांढरी आकृती असते आणि चार कडांना चार पर्यायांची बारीक अक्षरं. तुम्ही प्रश्न विचारायचा, मुलांनी आपल्या उत्तराची कड वर येईल असं कार्ड धरायचं आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, ते तिथल्या तिथे पडद्यावर दिसतं. आकृत्या वेगळ्या असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही, आणि एरवी कधीच हात वर न करणारी मुलंही कार्ड धरतात.

प्रश्न कसा काढायचा यावर सगळं अवलंबून आहे. ‘चारशे पाच अंकांत लिहा’ असा प्रश्न घ्या. पर्याय द्या ४५, ४०५, ४००५ आणि ५०४. यातला कोणताही चुकीचा पर्याय उगाच भरलेला नाही. ४००५ धरणारं मूल ऐकलं तसं लिहितंय: आधी चारशे, मग पाच. ४५ धरणाऱ्याला शून्याची जागा कळलेली नाही. ५०४ वाल्याची अदलाबदल झाली आहे. वर्गातल्या निम्म्या कार्डांवर ४००५ दिसलं तर पुढचा पाठ बाजूला ठेवून मी दशक-शतकाच्या काड्यांचे गठ्ठे काढतो. वह्या तपासून हेच कळायला दुसरा दिवस उजाडतो, तोवर मुलं तो धडा विसरलेली असतात.

दोन व्यावहारिक गोष्टी. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. जाड कार्डशीटवर छापलं की पुरे. आणि मुलांना कार्ड कडेला धरायला शिकवा, बोटं आकृतीवर आली की ते कार्ड सुटतं. याला तुमच्या फोनवर नेट लागतं, तेव्हा वर्गात रेंज कुठे मिळते तो कोपरा हेरून ठेवा. ॲपमध्ये मुलांची पूर्ण नावं भरायची गरज नाही, हजेरी क्रमांक पुरतो.

शालेय अभ्यासाचं सरकारी दीक्षा ॲप तुमच्याकडे असेलच. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड घरी स्कॅन करून व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा, म्हणजे वर्गात नेट लागत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, उर्दू आणि कन्नड माध्यमाचीसुद्धा. स्थलांतर करून आलेलं एखादं मूल वर्गात असेल तर तोच धडा त्याच्या आधीच्या माध्यमात उघडून दाखवता येतो. याचा फार आधार वाटतो त्यांना.

अवांतर वाचनासाठी स्टोरीविव्हर. हा प्रथम बुक्सचा २०१५ पासूनचा उपक्रम आहे. मराठी गोष्टी भरपूर आहेत, त्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि उतरवून, छापून, वाटायला परवानगी आहे. चौथीचा वर्ग म्हणून चौथी पातळी असं करू नका. जे मूल अजून अक्षर-अक्षर जोडतं त्याला पहिल्या पातळीची गोष्ट द्या आणि ती त्याला शेवटपर्यंत वाचू द्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झालं, त्याचे जुने अंक आता ऑनलाइन मोफत वाचता येतात. आपल्याला लहानपणी आवडलेलं पान आपल्या वर्गाला वाचून दाखवता येतं, यासारखा आनंद नाही.

आता तुमच्या स्वतःच्या वाचनाकडे येतो. लक्ष उडतं यात तुमच्यापेक्षा फाइलचा दोष जास्त असतो. मराठीत बहुतेक पुस्तकं पीडीएफ म्हणून फिरतात. पीडीएफ म्हणजे छापील पानाची जशीच्या तशी प्रत. मोठ्या पानासाठी केलेली मांडणी फोनच्या पडद्यावर आली की अक्षर मुंगीएवढं होतं. मग बोटांनी मोठं करा, उजवीकडे सरकवा, ओळ संपली की पुन्हा डावीकडे या. या कसरतीत वाक्याचा धागा सुटतो. ईपब फाइलमध्ये मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. दोन्ही मिळत असतील तर फोनसाठी डोळे मिटून ईपब घ्या. पीडीएफच असेल तर रीडएरासारख्या वाचन-ॲपमध्ये पानाच्या कोऱ्या कडा कापा आणि फोन आडवा धरा, तेवढ्यानंही अक्षर वाचण्याजोगं होतं.

पीडीएफ कोणत्या जातीची आहे ते ओळखायची एक युक्ती आहे. एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला आणि कॉपी करून नीट उमटला तर ती युनिकोड मजकुराची (म्हणजे कुठल्याही फोनवर तशीच दिसणाऱ्या प्रमाणित अक्षरांची), तिच्यात शोधता येतं आणि ती फोनकडून वाचूनही घेता येते. निवडलाच गेला नाही तर पानं म्हणजे नुसते फोटो आहेत. निवडला गेला पण चिकटवल्यावर भलतीच इंग्रजी अक्षरं आली, तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेला आहे. जुन्या परिपत्रकांत हे नेहमी आढळतं. शेवटच्या दोन्ही प्रकारांवर उपाय एकच: संगणकावरून फाइल गूगल ड्राइव्हवर चढवायची आणि ‘गूगल डॉक्ससह उघडा’ म्हणायचं. तो पानांचा फोटो वाचून मजकूर करून देतो. मोठी फाइल असेल तर थोडी-थोडी पानं करा.

पण सगळंच फोनवर वाचायचा अट्टहास नको. २०१८ साली ‘एज्युकेशनल रिसर्च रिव्ह्यू’ या नियतकालिकात ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता, त्यांतल्या वाचकांची संख्या १ लाख ७० हजारांहून अधिक होती. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, वेळेची मर्यादा असली की हा फरक वाढतो, आणि कथात्मक मजकुरात मात्र फरक दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मी तेव्हापासून वाचनाची वाटणी तशीच ठेवली आहे. कथा, कादंबरी, प्रवासवर्णन फोनवर. शासननिर्णय, प्रशिक्षणाची पुस्तिका, विभागीय परीक्षेचा अभ्यास कागदावर, एका पानावर दोन पानं छापून आणि हातात पेन्सिल घेऊन.

फोनवर वाचताना ‘डिजिटल वेलबीइंग’मधला फोकस मोड लावा आणि त्यात व्हॉट्सॲप बंद करा. शिक्षकांच्या गटांवर रात्री दहालाही माहिती मागवली जाते, ती अर्ध्या तासानं दिली म्हणून काही बिघडत नाही. डोळे थकले असतील तर ऐका: सेटिंगमधल्या सुलभता विभागात ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करून मराठी आवाज उतरवून घ्या, मग पडद्यावरचा लेख फोन वाचून दाखवतो. आवाज यंत्राचाच आहे, कविता ऐकवत नाही. लेख मात्र पोळ्या लाटता लाटता नीट ऐकून होतो.

संदर्भासाठी मराठी विश्वकोशाचे वीसही खंड ऑनलाइन मोफत आहेत, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येते. नेट नसताना किविक्स ॲपमध्ये उतरवलेला मराठी विकिपीडिया चालतो. मुलांनी वर्गात अचानक विचारलं की व्हेल मासा अंडी घालतो का, तर लगेच एकत्र बसून शोधता येतं. पुस्तकांच्या बाबतीत एवढं पाळा: हयात लेखकांची पुस्तकं पीडीएफ करून गटांवर फिरवली जातात ती पुढे पाठवू नका. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. असं खुलं साहित्य मराठी विकिस्रोतावर शोधा.

रोजच्या कामाला डिजिलॉकर ठेवा, त्यात मिळालेलं लायसन्स आणि गाडीचं आरसी मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे. आणि क्विक शेअर वापरायला शिका, त्यानं नेटशिवाय एका फोनवरून जवळच्या दुसऱ्या फोनवर फाइल जाते. पालकसभेला मी स्टोरीविव्हरच्या दोन-तीन गोष्टी अशाच पालकांच्या फोनवर देतो. चित्रांच्या या गोष्टी मात्र ईपबऐवजी पीडीएफच द्या. पालकांच्या फोनमध्ये वेगळं वाचन-ॲप नसतं, आणि चित्राशेजारचं वाक्य चित्राशेजारीच राहिलेलं मुलांना वाचायला सोपं जातं.