कैरोतल्या इब्न तुलून मशिदीला अर्धा तास पुरेल का?

कैरोत तुमच्याकडे दोनच दिवस आहेत, आणि ‘इब्न तुलूनला नुसतं रिकामं अंगण आहे, अर्ध्या तासात होतं’ असं कुणी सांगितलं म्हणून ती यादीतून काढावी का, असं तुम्ही विचारलंय. काढू नका. उलट अडीच-तीन तास ठेवा. मी तीनदा गेले आहे आणि पुन्हा कैरोला गेले तर पहिली तिथेच जाईन.

अंगण रिकामं आहे हे खरं, पण बघायचं आहे ते तेच. साधारण ९२ मीटर लांब आणि तेवढाच रुंद चौक, चारही बाजूंनी कमानींच्या पडव्या. त्यात शिरण्याआधी आणखी एक मोकळा पट्टा लागतो. मशिदीच्या तीन बाजूंना बाहेरची भिंत घालून हा पट्टा राखला आहे, त्याला ‘झियादा’ म्हणतात. रस्त्यावरचे हॉर्न, फेरीवाले, सगळा गलका तिथे विरत जातो. म्हणून घाईने आत जाऊ नका, आधी झियादातून एक फेरी मारा. ही शांतता कुणीतरी विचार करून बांधली आहे, हे तिथे चालताना कळतं.

अहमद इब्न तुलून ८६८ साली इराकमधल्या अब्बासी घराण्याच्या खलिफाचा सुभेदार म्हणून इजिप्तमध्ये आला आणि थोड्याच वर्षांत जवळजवळ स्वतंत्र झाला. त्याने अल-कताई नावाची नवी राजधानी वसवली. ८७६ ते ८७९ या काळात बांधलेली ही मशीद त्या शहराची. ९०५ साली अब्बासी फौजेने अल-कताई जमीनदोस्त केलं, मशीद तेवढी राहिली. कैरोतलीच अम्रची मशीद हिच्याहून जुनी, पण ती इतक्या वेळा नव्याने बांधली गेली की मूळ रूप उरलेलं नाही. इथे मात्र नवव्या शतकातला आराखडा आजही तसाच आहे. प्रार्थनेच्या दालनात एका खांबावर संगमरवरी शिलालेख आहे, त्यावर ८७९ चा काळ कोरलेला आहे. तो शोधाच.

आता खांब बघा. ट्युनिशियातल्या कैरवान किंवा स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीत जुन्या रोमन इमारतींचे दगडी खांब आणून लावले आहेत. इथे सगळे खांब विटांचे, जाड, चौकोनी, आणि त्यांच्या कोपऱ्यांना विटांचेच अर्धवट गोल खांब जोडलेले. दंतकथा अशी, की चर्चांमधले खांब उखडून आणावे लागू नयेत म्हणून एका ख्रिस्ती स्थपतीने ही युक्ती सुचवली. कथा गोड आहे, पण मला पटतं ते कारण साधं आहे. इब्न तुलून इराकातल्या सामर्‍यात वाढला होता आणि तिथल्या मोठ्या मशिदी विटांच्याच. तरुणपणी डोळ्यासमोर असलेली इमारत त्याने नाईलच्या काठी उभी केली.

दोन मोठ्या कमानींच्या मध्ये, बरोबर खांबाच्या डोक्यावर, एक छोटी कमानदार खिडकी दिसेल. तिने भिंतीचा भार हलका होतो आणि रांगेला ताल येतो: मोठी, छोटी, मोठी, छोटी. कमानी टोकदार आहेत. युरोपातल्या गॉथिक चर्चांना अशी कमान मिळायला अजून अडीचशेहून जास्त वर्षं होती! कमानींच्या आतल्या अंगाला गिलाव्यात कोरलेली वेलबुट्टी आहे, प्रत्येक कमानीखाली थांबून मान वर करा. छताखाली लाकडी पट्टीवर कुराणातली वचनं कोरली आहेत, ही पट्टी सगळी मिळून सुमारे दोन किलोमीटर भरते. मशिदीच्या भिंतींत वर १२८ खिडक्या आहेत आणि त्यांच्या जाळ्यांचे नमुने वेगवेगळे. काही जाळ्या मूळच्या, बाकीच्या नंतरच्या. किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, बाजूला दालन पाच ओळी खोल आहे, इतर तिन्ही बाजूंना दोन-दोनच. त्या पाचव्या ओळीत भिंतीला टेकून बसा आणि चौकाकडे बघा. अंधाराकडून उजेडाकडे जाणाऱ्या कमानी एकीत एक अशा दिसतात. मी तिथे पाऊण तास बसले होते.

बाहेरून जिना गोल फिरत जाणारा मिनार सामर्‍याच्या मिनाराची आठवण करून देतो, पण आजचा दगडी मिनार सुलतान लाजिनने १२९६ च्या सुमारास बांधला. एका सुलतानाच्या खुनात लाजिनचा हात होता. तेव्हा तो या ओसाड पडलेल्या मशिदीत लपला आणि जगलो तर हिचा जीर्णोद्धार करीन असं त्याने ठरवलं, असं सांगतात. गादीवर आल्यावर त्याने ते केलं. चौकातला घुमट आणि लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचा उंच मंच, त्याच्याच काळातले. मिनार चढू देत असतील तर नक्की चढा, वरून अख्खा चौक आणि पलीकडचा किल्ला दिसतो.

वेळ सकाळची किंवा चारनंतरची निवडा. पहिल्यांदा मी भर दुपारी गेले होते, चौकातल्या उन्हाने डोळे दिपले आणि कमानींचं कोरीव काम दिसलंच नाही. शुक्रवारची दुपार टाळा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. दाराशी बुटांवर घालायला कापडी पिशव्या देतात, त्यासाठी थोडे सुटे पैसे लागतात. शेजारीच दोन जुनी घरं जोडून केलेलं गेयर-अँडरसन संग्रहालय आहे, त्याला तासभर वेगळा धरा. पण आधी मशीद, मग संग्रहालय.