घरबांधणी : तुमचे प्रश्न

प्रश्न : घराचं काम चालू आहे. काळ्या ग्रॅनाइटच्या कट्ट्याला खालून सिंक लावायचं ठरलंय. दुकानात दोन सिंक दाखवली. चकाकी तीच, दरात मात्र बराच फरक. लोहचुंबक एकालाही चिकटत नाही. कुठलं घ्यावं? – एक वाचक, निपाणी

उत्तर : चुंबकावर जाऊ नका. सिंकसाठी स्टेनलेस स्टीलचे ३०४ आणि २०२ असे दोन ग्रेड येतात, दोन्ही पत्र्यांना तो सहसा चिकटत नाही. ३०४मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि लवकर डागाळतं. ३०४च घ्या, आणि बिलावर तसं लिहून घ्या. पत्रा १ ते १.२ मिलिमीटरचा हवा.

खरा घोळ होतो तो बसवताना. सिंक हातात आल्याशिवाय दगड कापू देऊ नका. कापलेली कड वरून उघडीच दिसते, तिला पॉलिश करून घ्या. या कामाची सगळी शोभा त्या कडेत आहे. २४ बाय १८ बाय ९ इंचांचं सिंक तुंबून भरलं तर नुसतं पाणीच साठ किलोंच्या वर जातं. हा भार सांध्यात भरलेल्या सिलिकॉनवर सोडला की सांधा सुटतो, पाणी झिरपतं आणि खालचं प्लायवूड फुगतं. म्हणून खालून लोखंडी अँगलची चौकट द्या. सिलिकॉन फक्त पाणी अडवायला. ते भरल्यावर २४ तास नळ सोडू नका.

आणि दोन छोट्या कप्प्यांचं सिंक नको. गौरी-गणपतीतलं मोठं पातेलं त्यात आडवंही मावत नाही.

प्रश्न : वास्तुशांत होऊन महिना झाला नाही, तोवर नव्या सिंकवर तांबूस ठिपके! – एक वाचक, खानापूर

उत्तर : फरशी ॲसिडने धुतली होती का? त्याच्या वाफेनेही स्टीलवरचा क्रोमियमचा संरक्षक थर खराब होतो. ग्राइंडरचा लोखंडी चुरा किंवा रात्रभर ओला ठेवलेला भाकरीचा तवाही असे ठिपके पाडतो. खायचा सोडा पाण्यात कालवून मऊ फडक्याने, पत्र्यावरच्या बारीक रेघांच्या दिशेने चोळा. मग धुऊन कोरडं पुसा. तारेची घासणी लावू नका. ठिपक्यावरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर तिथं खड्डा पडलाय, तो चोळून जाणार नाही.