लाटेची वीज लुकलुकते का?

प्रश्न : तरंगत्या बोयाला जोडलेल्या रेखीय जनित्राची (सरळ रेषेत पुढेमागे हलून वीज बनवणारे यंत्र) वीज डायोड ब्रिजमधून (एसीची डीसी करणारी जोडणी) ७०० व्होल्टच्या डीसी बसवर (सगळी उपकरणे जोडलेली सामाईक डीसी लाइन) घेतली आहे. सरासरी १० किलोवॉट, लाटेचा आवर्तकाल ८ सेकंद. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावूनही व्होल्टेज सतत वरखाली होते. असे का?

उत्तर : प्रत्येक लाटेत बोया दोनदा क्षणभर थांबतो. तेव्हा शक्ती शून्य, मध्यावर वेग सर्वाधिक असताना सुमारे २० किलोवॉट. हा चढउतार सपाट करायला साधारण १३ किलोज्यूल साठवण हवी. तुमचा कपॅसिटर ७०० वरून ६५० व्होल्टपर्यंत उतरताना जेमतेम १६० ज्यूल देतो. म्हणजे बादलीऐवजी चमचा!

२०० व्होल्टची सुपरकपॅसिटर बँक (खूप मोठ्या क्षमतेच्या कपॅसिटर सेलांचा संच) द्विदिश डीसी-डीसी कन्व्हर्टरने (व्होल्टेज बदलून ऊर्जा दोन्ही दिशांनी नेणारे सर्किट) बसला जोडा. ती १०० व्होल्टपर्यंत वापरली तर हिशेबाने ०.८५ फॅरड पुरतात, पण लाटा कधीच सारख्या नसतात. २ फॅरड घ्या. सेल मालिकेत असल्याने बॅलन्सिंग सर्किट (सगळ्या सेलांचे व्होल्टेज सारखे ठेवणारे) विसरू नका, नाहीतर एखादा सेल जादा व्होल्टेजने मरतो.

बसवरची वीज घेणारे ग्रिड (वीजजाळे) तुटले की लाट थांबत नाही, बसचे व्होल्टेज मात्र फुगते. म्हणून ७५० व्होल्टला चालू होणारा ब्रेक चॉपर (जादा वीज रोधात उष्णता म्हणून जिरवणारा स्विच) हवाच. २० किलोवॉटचे शिखरही जिरावे म्हणून रोध २८ ओहमपेक्षा कमी, पण आयजीबीटीला (चॉपरमधला ट्रान्झिस्टर स्विच) प्रवाह झेपेल इतकाच कमी.