ठोके आता ठीक लागतात, मग रक्त पातळ करायची गोळी बंद करू का?

तुमचे वडील 68 वर्षांचे, बीपी आणि साखर दोन्ही. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय बिघडणं) निघालं, ठोके आवरणारं मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करणारं अपिक्साबॅन सुरू झालं आणि धडधड थांबली. तरी अपिक्साबॅन बंद करू नका. धडधड थांबली ती मेटोप्रोलॉलमुळे, आणि रक्ताची गुठळी अडवणं हे मेटोप्रोलॉलचं कामच नाही.

या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात, मिनिटाला 350 ते 600 वेळा. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधलं फाटक, म्हणजे एव्ही नोड, त्यातले थोडेच ठोके खाली सोडतं. मेटोप्रोलॉल ती वाट आणखी आवळतं, इतकंच. वरची थरथर चालूच असू शकते. डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो. तिथे रक्त साचून गुठळी धरते आणि सुटली की मेंदूत जाऊ शकते. लय मधूनमधून आपोआप सरळ होत असली तरी हा धोका राहतो.

रक्त पातळ करायची गोळी कोणाला द्यायची ते धोक्याच्या गुणांवर ठरतं. 65 ते 74 वय 1, बीपी 1, मधुमेह 1, म्हणजे वडिलांचे 3 झाले. पुरुषाला 2 पुरतात. ॲस्पिरिनवर भागवू म्हणाल तर ते या गुठळीला जवळपास निरुपयोगी आहे, रक्तस्रावाचा धोका मात्र असतोच.

अपिक्साबॅन 12 तासांच्या अंतराने, दिवसातून दोनदा. त्याचा असर एका दिवसात ओसरतो, त्यामुळे ‘दोन दिवस राहिली तर काय होतंय’ हे इथे चालत नाही. एखादी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या, पण दोन एकदम नको. नेहमीचा डोस 5 मिलीग्रॅम. वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) 1.5 किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी असतील तरच तो 2.5 होतो. नुसती अंगकाठी बारीक म्हणून डोस अर्धा करणं ही सर्रास होणारी चूक आहे. गुडघेदुखीला मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. दात काढायचा असला तरी गोळी स्वतःहून थांबवू नका. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आकसलेली असेल किंवा कृत्रिम धातूची झडप बसवली असेल, तर हे औषध चालत नाही. तिथे वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम लागतं आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) करत राहावं लागतं. पालेभाज्यांनी या दोन गोळ्यांचा असर कमी-जास्त होतो, तरी मेथी-पालक बंद करायची गरज नाही. एक आठवडा रोज आणि पुढे महिनाभर अजिबात नाही, असं मात्र नको.

नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण 60 सेकंद मोजा. ठोके विषम असतात, त्यामुळे 15 सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा फसतो. बीपीचं मशीनही या लयीत गडबडतं. तीनदा घेऊन सरासरी धरा. बसल्याजागी नाडी सतत 110 च्या वर किंवा 50 च्या खाली असेल, चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना कळवा.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, तर फॅमिली डॉक्टरकडे वेळ न घालवता थेट सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात न्या. तिथे पोचल्यावर आधी हे सांगा: अपिक्साबॅन चालू आहे आणि शेवटची गोळी इतक्या वाजता घेतली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही, ते ठरवताना डॉक्टर तीच वेळ विचारतात.